द्वारकाला पुढचं कळतं

येरवडा, २२ जुलै २०२४

ती. आत्यास,
दोन्ही हात जोडून नमस्कार.

खडकी आणि येरवडा यांच्यात एक पूल आहे आणि तरी मी तुला पोस्टानं पत्र धाडते आहे, हे ऐकून तुझा जावई दत्तप्रसाद हसत सुटला. पण तुझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं, मोबाइल तू हातात धरत नाहीस, आणि मागच्या वेळी आपण दोघी जे बोललो ते क्वार्टर्सच्या अख्ख्या मजल्यानं ऐकलं. तेव्हा पत्रच बरं.

यंदा मला पाचवी दिली आहे. पट एकोणपन्नास. मुलं धडा घडाघडा म्हणतात आणि ‘काय झालं गोष्टीत?’ असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. तू बत्तीस वर्षं शिकवलंस. तुझ्या वर्गातली मुलं गोष्टीवरून एकमेकांशी भांडायची, असं बाबा सांगायचे. ते तू कसं करायचीस?

मला धास्ती आहे. पाचवीला आता वार्षिक परीक्षेत नापास करतात. जूनमध्ये एक पुनर्परीक्षा, तीही गेली तर मूल पुन्हा पाचवीत. आमच्या वस्तीत मूल मागे राहिलं की आईबाप त्याला शाळेत ठेवत नाहीत. कामाला लावतात, नाहीतर गावी धाडतात. माझ्या वर्गातलं एकही मूल असं जाऊ नये, एवढंच मला यंदा करायचं आहे.

तुझी,
राजनंदिनी


खडकी, ३० जुलै २०२४

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद. पुरवून वापर.

तुझं पत्र सहा दिवसांनी मिळालं. मी पूल ओलांडून ते तुझ्या हातातून घेऊन आले असते तर दोन तास लागले असते, तेही गुडघे धरून. असो.

तू विचारलंस ते फार मोठं शास्त्र नाही. गोष्ट वाचता वाचता मध्येच थांबायचं. पुस्तक मिटायचं, बोट पानात ठेवायचं आणि विचारायचं, पुढं काय होईल? मूल काहीतरी सांगेल. लगेच दुसरा प्रश्न, कशावरून म्हणतोस? हा दुसरा प्रश्न विसरलीस तर वर्गाची मंडई होईल. ‘कशावरून’ म्हटलं की मुलाला मागं जावं लागतं, आधीचं आठवावं लागतं, चित्र पुन्हा पाहावं लागतं. तिथं त्याला गोष्ट कळायला लागते.

उत्तरं चुकतील, चुकू देत. अंदाज बांधलेलं मूल पुढचं पान जीव लावून ऐकतं, कारण त्याला आपलं खरं करायचं असतं. शेजारच्या वर्गाच्या बाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहतील. त्यांना चहा पाज.

केदार म्हणतो, आई, तुझं अक्षर अजून ठसठशीत आहे. फॅक्टरीत दारूगोळा मोजणाऱ्या माणसाला अक्षर कळायला लागलं, हे विशेष.

तुझी,
सुशीलाआत्या


येरवडा, १९ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
नमस्कार, आणि यावेळी मनापासून.

शेजारच्या बाई आल्या. चहाही पाजला.

गेल्या आठवड्यात एका म्हातारीची गोष्ट घेतली. ती टोपलीवर फडकं टाकून बाजाराला निघते, वाटेत जो तो विचारतो टोपलीत काय आहे, आणि ती कुणालाच सांगत नाही. तिथं मी पुस्तक मिटलं. ऋषी म्हणाला, ‘बॉम्ब.’ स्पृहा म्हणाली, ‘कोंबडीची पिल्लं, कारण फडकं हललंय.’ मग मागच्या रांगेतली द्वारका उभी राहिली. हिंगोलीकडची आहे, आई सोजरबाई कल्याणीनगरला धुणीभांडी करते, बाप सेंट्रिंगच्या कामावर. दोन महिने या मुलीचा आवाज मी ऐकला नव्हता.

‘टोपली रिकामी हाय बाई,’ ती म्हणाली.

मी विचारलं, ‘कशावरून म्हणतेस?’

‘चित्रात तिनं टोपली एका हातात धरलीया. भरलेली आसती तर डोक्यावर घेतली आसती. आन् तुमी वाचताना तिच्यापाशी आलं की हळू बोलता. तिला लाज वाटती म्हनून.’

आत्या, टोपली रिकामीच होती. वर्ग तिच्याकडे बघत राहिला आणि मला इतका आनंद झाला की डोळे पुसायला फळ्याकडे वळावं लागलं. आता रोज सगळे म्हणतात, ‘द्वारकाला विचारा, द्वारकाला पुढचं कळतं.’ तिची वही बघशील तर चाट पडशील, फळ्यावरचं जसंच्या तसं, मोत्यासारखं अक्षर. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी मिळते.

तुझी,
राजनंदिनी


खडकी, २ सप्टेंबर २०२४

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद आहेतच.

तुझी द्वारका पुढचं सांगते, हे वाचलं. पुढचं सांगणारे मंडईबाहेर पोपट घेऊनही बसायचे. पोपट चिठ्ठी बरोबर काढायचा, फक्त त्याला ती वाचता यायची नाही. तेव्हा आनंदाश्रू थोडे राखून ठेव, वर्ष मोठं आहे.

इथं डास झाले आहेत. केदारनं मशीन आणलं, ते डासांना आवडलेलं दिसतं.

सुशीलाआत्या


येरवडा, ११ डिसेंबर २०२४

ती. आत्यास, नमस्कार.

मुद्दामच लिहिलं नाही. आपल्या घरात कुणाचं कौतुक सरळ होत नाही याची लहानपणापासून सवय आहे. मी डी.एड.ला पहिली आले तेव्हा तू म्हणाली होतीस, बाकीच्या मुली आजारी होत्या का. तेव्हा मी हसले होते. पण अकरा वर्षांच्या मुलीला पोपट म्हणायचं काही कारण नव्हतं. ती भांडी घासून शाळेत येते.

तुला कळावं म्हणून सांगते. गेल्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत माझा नमुना पाठ ठेवला. चाळीस शिक्षक मागे बसले होते. मी गोष्ट वाचली, चार ठिकाणी थांबले. चारही ठिकाणी द्वारकानं कारणासकट पुढचं सांगितलं. टाळ्या झाल्या. आमचे मुख्याध्यापक रावसाहेब म्हणाले, ही मुलगी आपल्या शाळेचं नाव काढेल. घटक चाचणीतही ती उत्तम पास आहे. मी वर्गात सगळे प्रश्न एकदा मोठ्यानं वाचून दाखवते, मग मुलं लिहितात. ती आणि स्पृहा शेजारी बसतात, दोघींना सारखेच गुण.

पद्धत तुझीच आहे. ती माझ्या हातून चालली याचा तुला आनंद होईल असं वाटलं होतं.

राजनंदिनी


खडकी, २० डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनीस,

पोपट मागे घेते. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझे बाबाही सांगून गेले. टाळ्यांचं वाचून बरं वाटलं. मुलीला माझ्याकडून एक पेन दे, पैसे केदारकडून घे.

थंडी आहे. मफलर वापर.

आत्या


येरवडा, २४ एप्रिल २०२५

ती. आत्यास,

आज नमस्कारसुद्धा कसा लिहावा कळत नाही.

वार्षिक परीक्षेला मुलांना हजेरीच्या क्रमांकानं वेगवेगळ्या वर्गांत बसवलं. पर्यवेक्षक दुसरे होते. प्रश्न कुणीही वाचून दाखवले नाहीत. काल मी मराठीचे पेपर तपासायला घेतले आणि द्वारकाची उत्तरपत्रिका उघडली. पाच पानं भरली होती. पाचही पानांवर तिनं प्रश्नपत्रिका उतरवून काढली होती, पहिल्या सूचनेपासून शेवटच्या गुणांपर्यंत, मोत्यासारख्या अक्षरात. उत्तर एकही नाही. गणितातही तेच, परिसर अभ्यासातही तेच.

आज तिला बोलावलं. तिनं न पाहिलेलं एक पुस्तक पुढ्यात ठेवलं. त्या पानावर चित्र नव्हतं. म्हटलं, वाच. तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, ‘बाई, तुमी सुरवात करा. मग मी सांगते.’

तिला ‘क’सुद्धा येत नाही, आत्या. अक्षरं तिला चित्रांसारखी दिसतात आणि ती ती उतरवते. चौथीपर्यंत तिला सगळ्यांनी पुढे ढकललं, त्याचं मी समजू शकते. पण मी तर वर्षभर तिच्या समोर उभी होते. रोज गोष्ट मी वाचली, ती माझा आवाज ऐकत राहिली आणि मी तिला हुशार म्हणत राहिले. हुशार तर ती आहेच. इतकी हुशार नसती तर जुलैतच पकडली गेली असती.

मी तिला काही बोलले नाही. खरं म्हणजे तिच्याकडे मला बघवेना. पुस्तक घेतलं, कपाटात ठेवलं, जा म्हटलं.

तू पोपट म्हणाली होतीस. तुला कळलं होतं का?

राजनंदिनी


खडकी, ३० एप्रिल २०२५

चि. राजनंदिनीस,

हो, कळलं होतं. तू लिहिलंस की तिनं कारण सांगताना चित्र सांगितलं आणि तुझा आवाज सांगितला. पानावरचा एकही शब्द सांगितला नाही. मला तिथंच शंका आली.

शंका यायला कारण आहे. एकोणनव्वद साली माझ्या वर्गात समाधान नावाचा मुलगा होता. तोही असाच पुढचं सांगायचा. साहेब तपासणीला आले की मी त्यालाच उभा करायची. त्याला वाचता येत नाही हे मला दिवाळीत समजलं आणि मी ते दाबून ठेवलं, कारण माझ्या पाठांचं तोवर नाव झालं होतं. पास करून सहावीत ढकलला. सातवीतून गळाला. पुढं खडकी स्टेशनावर हमाली करायचा. मला पाहिलं की ‘नमस्ते बाई’ म्हणून पिशवी उचलायचा आणि पैसे घ्यायचा नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुला सरळ लिहायला हवं होतं की तिला वाचता येतं का ते बघ. एका ओळीचं काम होतं. पण सरळ लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं कळलं, आणि मला समाधानचं सांगावं लागलं असतं. म्हणून टोमणा मारला. टोमणा मारण्यात आपण सगळे पटाईत, आणि समोरच्यानं तो झटकून टाकावा हीही रीतच. डिसेंबरमध्ये तू रागावलीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पोपट मागे घेतला आणि मफलरचं लिहून मोकळी झाले. तुझ्या चुकीपेक्षा माझी चूक मोठी आहे.

आता ऐक. मे महिन्यात तिला रोज एक तास घेऊन बस. अक्षरापासून सुरुवात कर, गोष्ट नको. इतकी जाण असलेली मुलगी दीड महिन्यात वाचायला लागेल. जूनच्या परीक्षेत पास होईल की नाही सांगता येत नाही, पण शाळेत राहील. तिच्या आईला घरी जाऊन भेट आणि तोंडानं सांग.

आत्या


येरवडा, १४ मे २०२५

ती. आत्यास, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं तेव्हा निकाल लागून गेला होता, पण शिकवायचं मी आधीच ठरवलं होतं. एक मेला सगळी मुलं आली, द्वारका आली नाही. मी तिच्या निकालपत्रासोबत एक चिठ्ठी लिहिली. लिहिलं की द्वारका नापास झाली असली तरी नाव कमी झालेलं नाही, जूनमध्ये पुन्हा परीक्षा आहे, आणि पाच मेपासून रोज सकाळी आठ वाजता तिला शाळेत पाठवा, मी स्वतः शिकवीन. पाकीट चिकटवून स्पृहाकडे दिलं. ती त्यांच्याच गल्लीत राहते. तिनं ते द्वारकाच्या आईच्या हातात दिलं, असं मला सांगितलं.

पाच तारखेपासून मी रोज रिकाम्या वर्गात बसले. शिपायाकडून किल्ली मागून घेतली, फळ्यावर मोठी अक्षरं काढली, पुठ्ठ्याची कार्डं केली. आठ दिवस झाले, कुणी आलं नाही. आईनं साधा निरोपही धाडला नाही. शेवटी आईबापांनाच नको असेल तर आपण किती करायचं? रावसाहेब म्हणाले, दरवर्षी असं एखादं मूल जातंच, मनाला लावून घेऊ नका.

समाधानचं वाचलं. त्यावर काय लिहू कळलं नाही, म्हणून इतके दिवस लावले.

राजनंदिनी


खडकी, २१ मे २०२५

चि. राजनंदिनीस,

तू घरी गेली होतीस का? हो की नाही, एवढंच लिही.

आत्या


येरवडा, १९ जून २०२५

ती. आत्यास,

नाही. नव्हते गेले.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी साताऱ्याला सासूबाईंकडे होते. ही सबब म्हणून सांगत नाही, पुण्यात असते तरी गेले नसते. वर्षभर मी सोजरबाईंना पालकसभेत सांगत आले होते, तुमची मुलगी माझ्या वर्गात पहिली. आता त्यांच्या दारात उभं राहून काय तोंडानं सांगायचं की तिला अक्षर ओळखता येत नाही? म्हणून चिठ्ठी लिहिली. ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही त्या घरात मी चिठ्ठी पाठवली. बाप अंगठा लावतो, हे प्रगतिपुस्तकावर मी स्वतः पाहिलेलं आहे. तेव्हा मात्र ते आठवलं नाही.

जूनच्या पुनर्परीक्षेला ती गैरहजर होती. शाळा सुरू झाली, तीन दिवस वाट पाहिली आणि काल संध्याकाळी गेले.

सोजरबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. ‘बसा की बाई’ म्हणाल्या. पाणी दिलं. मी विचारलं, द्वारका कुठं आहे?

‘गावाकडं धाडली, मामाकडं. मामी बाळंत झाली, लेकरू सांभाळाया कुनी न्हाई. म्हनलं आता साळाबी न्हाई, मंग हितं बसून काय करंल.’

‘शाळा नाही कशी? मी चिठ्ठी पाठवली होती.’

‘मिळाली की. द्वारकानंच वाचून दाखवली.’

त्या सांगत होत्या. त्यांनी पाकीट फोडून मुलीच्या हातात दिलं. घरातलं शिकलेलं माणूस तेच. तिनं कागद धरला, एक एक ओळ बोट फिरवत वाचला, अगदी माझ्यासारखा, मध्ये मध्ये थांबून. शेजारच्या दोघी दारात येऊन ऐकत होत्या. सोजरबाईंना ते सगळं पाठ होतं.

‘द्वारका हुशार मुलगी हाय. पन तिला आता साळंत जागा न्हाई. तिला घरी ठेवा, आईला कामात मदत हुईल. तिला मारू नका. बाईंना लई वाईट वाटतं. आसं लिवलं व्हतं तुमी.’

अंदाज बांधायला द्वारकापुढे काय होतं ते मी बसल्या बसल्या मनात मांडलं. परीक्षेनंतर मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पुस्तक तिच्या पुढ्यातून काढून घेतलं होतं. निकाल बोलावून न देता चिकटवलेल्या पाकिटातून, दुसरीच्या हाती धाडला होता. एवढ्यावरून माझ्या वर्गातल्या कुणीही तेच सांगितलं असतं.

सोजरबाईंनी पत्र्याच्या पेटीतून ती चिठ्ठी काढली. जपून ठेवली होती. माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, ‘ह्यांचं आपलं उगाच. म्हनत व्हते, पोरगी मनचं सांगती, तिला कुठं वाचता येतंय. मी म्हनलं, पाच वर्सं साळंत गेली ती, बाईंनी तिला टाळ्या वाजिवल्या. तुमीच सांगा बाई, बराबर वाचली ना तिनं?’

चिठ्ठी माझ्या हातात होती. माझंच अक्षर. खरं वाचून दाखवलं असतं तर कदाचित मुलगी परत आली असती. पण त्यासाठी मला त्या बाईला सांगावं लागलं असतं की पाच वर्षांत आम्ही तुमच्या मुलीला काहीही शिकवलेलं नाही, आणि तिनं तुम्हाला फसवलं. त्या मुलीवर त्यांचा केवढा विश्वास होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी तिला वाचवते आहे असं त्या क्षणी मला वाटलं. आता घरी येऊन लिहायला बसल्यावर कळतं की मी स्वतःला वाचवत होते. समाधानला तू पुढे ढकललंस त्याचा मला मे महिन्यात राग आला होता. आता तो राग उरलेला नाही.

मी म्हणाले, ‘हो. बरोबर वाचली.’

सोजरबाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी लगेच फोन काढला. मला वाटलं नवऱ्याला लावतील. त्यांनी गावी लावला आणि स्पीकर चालू केला.

‘द्वारके, बाई आल्यात बघ घरी. चिठ्ठी बघितली त्यांनी. म्हनत्यात, तू बराबर वाचलीस. आक्षी तसंच व्हतं.’

तिकडे बाळ रडत होतं. मग द्वारका म्हणाली, ‘मला वाटलंच व्हतं, आई.’

सोजरबाईंनी फोन माझ्यापुढे धरला, बोला म्हणाल्या. मी हातानंच नको म्हटलं आणि निघाले.

तुझी,
राजनंदिनी